शैलाचे दोन्हीकडचे उपास

चंदीगडजवळच्या खरड गावाहून परतत होते, तेवढ्यात सुधीरभाऊजींचा फोन आला. "वहिनी, शैला गेली. हार्ट अटॅक." मी वेड्यासारखं विचारलं, "अटॅक कोणाला आला, भाऊजी?" बायपास झालेला त्यांचा. धसका होता तो त्यांचा. शैला म्हणजे काटकुळी, तुरुतुरु चालणारी... तिला काय होणार? महिना उलटला, तरी माझा विश्वास बसत नाही.

माझी ही मैत्रीण जळगावची. हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर, म्हणजे सुधीरभाऊजींबरोबर, चंदीगडला आली आणि इथलीच झाली. भाऊजींचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या हृदयासाठी तिने दिसेल तो उपास धरला. संकष्टी, एकादशी, सोमवार आपले होतेच. शेजारच्या पंजाबी वीणाजींकडून मंगळवार घेतला, करवा चौथ घेतली. आपल्या उपासाला साबुदाणा वडे, तुपाने निथळणारी खिचडी. त्यांच्या व्रताला कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या, तळलेले मखाणे. वीणाजी पाळायच्या त्यांचे, आम्ही आमचे, ही बाई दोन्हीकडचे! मी चिडवायची, "एकादशी अन् दुप्पट खाशी!" ती म्हणायची, "खाते कुठे गं? उपास आहे माझा, पक्का!" भाऊजींच्या ताटात मात्र उकडलेला दुधी. त्यांनी वड्याकडे नुसतं पाहिलं तरी ही कढई झाकायची. "तुमच्यासाठीच धरलाय. तुम्ही नाही खायचं."

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर तिच्या मुलाला, रोहनला, विचारत होते, खाणंपिणं कसं होतं? तो म्हणाला, "माँ खाती ही क्या थीं जी, आधे दिन तो व्रत रखती थीं।" पोरगं खोटं बोलत नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या जुन्या तपासण्या मागितल्या. एकही नव्हती. अहो, ज्या घरात रक्तदाबाचं यंत्र टीव्हीशेजारी पडलेलं असतं, त्या घरात तो पट्टा हिच्या दंडाला कधी बांधलाच गेला नव्हता! असं कसं होतं, बाई?

परवा संकष्टीला त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघर तिने ठेवलं होतं तसंच आहे. भाऊजींच्या भाजीला तेल मोजून घालायचा इवलासा चमचा अजून बरणीतच आहे. दुपार टळून गेली होती आणि गॅसवर काहीच नव्हतं.

"जेवला नाहीत?" मी विचारलं.

"आज उपास धरलाय," भाऊजी म्हणाले. "तिच्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा..." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता धरून काय उपयोग, वहिनी?"