देव उठवायचे राहिले

आता आमचा ग्रुप गावोगावी शो करतो, दोनदा परदेशातही जाऊन आलो. मुलाखतीत सुरुवातीची गोष्ट मी जरा फुगवून सांगतो. खरी गोष्ट ही.

आम्ही तिघं. मी डोंबिवलीचा, शब्द लिहायचो. ठाकुर्लीचा शाळासोबती रॅप करायचा. कल्याणचा तिसरा लॅपटॉपवर बीट बनवायचा. दोन वर्षं हिंदी रॅपमध्ये खोटं खोटं भांडलो, पण कुणी ढुंकून बघेना.

मग ठाकुर्लीच्या दोस्ताच्या बहिणीचं लग्न निघालं. त्याची काकी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात मांडवात बसून धवले गाणारी. हळदीला तिने देवांना लग्नाचं आमंत्रण देणारी ओळ म्हटली आणि बीटवाल्याने ती गुपचूप मोबाईलवर घेतली. तीच ओळ आम्ही गाण्यात पुन्हा पुन्हा वाजवली आणि गाणं नेटवर टाकलं. महिन्याभरात माजिवड्याला रिक्षात बसलो, तर आमचंच गाणं लागलेलं. मी आवाज वाढवायला सांगितला, तर त्या भल्या माणसाने गाणंच बदललं.

काकीला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ठाण्यात पहिला मोठा शो ठरला आणि तिचा निरोप आला. तिघंही मान खाली घालून तिच्या ओटीवर बसलो.

"देवांना किती येला बोलवलं रे?"

बीटवाला एक नंबरचा गाढव. त्याने मोजून सांगितलं, "सोळा वेळा, काकी."

"न त्यांना घरा कोन धाडनार?"

लग्न उरकलं की देव उठवायचे असतात. आमच्या कोकणातल्या घरीही उठवतात. मला तरी कळायला हवं होतं. बाहेर आल्यावर दोस्त म्हणाला, "काकी हो बोलली नाय तर मी गाणार नाय. शो गेला तरी चालेल."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन उगाच आईवर ओरडलो. दोन वर्षांनी दार उघडलं होतं आणि हा ते लावून घेत होता. चार दिवसांनी राग निवळला, तेव्हा मी एकटाच काकीकडे गेलो आणि म्हणालो, "चुकलं आमचं. तुम्हीच धाडा त्यांना, स्टेजवरून."

तिने बराच वेळ तांदूळ निवडले. मग विचारलं, "लुगडा कंचा नेसू?"

शोच्या संध्याकाळी गाणं संपलं तरी पोरं उड्या मारत होती. काकी माईकपाशी आली, बीटवाल्याला हातानेच गप्प केलं आणि देवांना निरोप देणारा धवला म्हणायला लागली. अख्खा म्हटला. मध्येच कुणीतरी शिट्टी मारली, तर तिने असे डोळे वटारले की पुढच्या रांगेतल्यांनी मोबाईल खाली केले.

धवला संपल्यावर ती आमच्याकडे वळली. "गेलं सगलं घरा," म्हणाली. "आता पुन्ना बोलवा."

मला तिथेच रडू फुटलं. दोस्ताने गाणं पहिल्यापासून धरलं.