रक्षेवर लावलेलं कलम

"कलम मेलं तर आईला गावात राहणं कठीण हाय, साहेब," संदेश फोनवर म्हणाला.

मी पोलादपूर तालुक्यात कृषी सहायक. कलमं मरतात, त्यात नवल नाही. पण हे कलम संदेशच्या वडिलांच्या रक्षेवर लावलेलं होतं.

वडील दिवाळीनंतर गेले. माझी राख नदीत टाकू नका, बांधावर खड्ड्यात घाला आणि आंबा लावा, असं त्यांनीच बायकोला, सुंदराबाईंना, सांगून ठेवलेलं. बाईंनी अस्थी सावित्री नदीत सोडल्या, राख खड्ड्यात घातली. भावकीला ते मुळीच पटलं नव्हतं. पानं करपायला लागल्यावर धाकटे दीर दत्ताराम उघड म्हणू लागले, दादाचा आत्मा तळमळतोय, वहिनीनं रीत मोडली. बाईंना घास जाईना.

मी गेलो तेव्हा पानांच्या कडा तांबूस होऊन वाळल्या होत्या. संदेशनं मोबाईलवर वाचलं होतं की ही पोटॅशची कमतरता. म्हणून मुंबईहून येताना वाटेत लाल पोटॅश घेऊन त्यानं बुंध्याशी ओंजळभर टाकला होता. माझं डोकंच फिरलं. पण बाप गेलेल्या पोराला काय बोलणार? कुदळ मागितली.

पोटॅश म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. लाकूड जळून राख उरते, तिच्यात झाडानं जमिनीतून घेतलेले क्षार असतात. त्यातला एक मुख्य म्हणजे पोटॅश. पूर्वी राख पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून तो काढत. आता खाणीतला पोटॅश पिशवीतून येतो. युरियानं पीक हिरवंगार होतं, पोटॅशनं त्याच्या अंगात ताकद येते. भाताची काडी ताठ राहते, दाणा भरतो, आंब्याला गोडी येते, झाड पाण्याचा ताण सोसतं. आपल्याकडच्या पावसात तो वाहून जातो, म्हणून थोडा थोडा, विभागून द्यायचा. कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात. आणि मुळाशी क्षार फार झाला तरी कडाच करपतात. संदेशसारखे भलेभले इथेच फसतात.

कुदळीनं बाजूची माती हलकेच काढली. खाली राखेचा पांढुरका, टणक थर होता आणि त्याला टेकलेल्या मुळ्या काळ्या पडल्या होत्या. चितेच्या लाकडांची राख घमेल्यानं ओतलेली, त्यावर तो लाल पोटॅश. धुऊन न्यायला पाऊसही नाही. थोडी माती पाण्यात कालवून क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा भलताच वर गेला.

सुंदराबाई खड्ड्यापाशी येऊन वाकल्या. "म्हंजे ते रागावलेले नायत?" त्यांनी विचारलं.

"राग मला मोजता येत नाही, काकी," मी म्हणालो. "क्षार मोजता येतो. तो जास्त झालाय. त्यानं कुणीही लावलेलं झाड जळलं असतं."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. खात्याच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत.

मग मी खड्ड्यातली राख काढून सगळ्या भाताच्या खाचरात पातळ पसरायला सांगितली. आपली माती आंबट, तिला थोडी राख मानवते, भातालाही पोटॅश मिळतो. दत्ताराम आडवे आले. एकदा ठेवलेली रक्षा उकरायची नाही, म्हणाले. त्यांचंही काय चुकलं, सख्खा भाऊ गेला होता. सुंदराबाईंनी खड्ड्यातली राख घमेल्यात भरली, ते उचललं आणि बांधावर त्यांच्यापुढे धरलं.

"भावजी, तुमच्या खाचरातबी पसरा. निम्मे तुमचेच होते ते."

दत्तारामांनी चपला काढल्या. मग घमेलं घेऊन शेतात उतरले. दीर-भावजयीनं राख पसरली. मी आणि संदेश नवी माती नि शेणखत घालून कलम पुन्हा बसवत राहिलो.

कलम वाचलं नाही. मुळ्या फार जळल्या होत्या. शिमग्याच्या सुमारास सुंदराबाईंचा फोन आला.

"मेलं, साहेब," त्या म्हणाल्या. "पण कुणी काय बोललं नाय मला. भावजी म्हणतात, पावसात दुसरं लावू."

नव्या खड्ड्यात शेणखत घाला म्हटलं आणि फोन ठेवला. चितेची राख असो की पिशवीतलं खत, मुळाशी ढीग करू नये.