युकी आजींचा बर्फ आणि माझं लॅमिनेशन

शनिवारी सकाळी हर्नडनहून स्टेट कॉलेज नावाच्या गावाला निघालो तेव्हा मागच्या सीटवर एक जपानी चित्र होतं. आमच्या शेजारच्या युकी आजी मध्यंतरी लेकीकडे तिथे राहायला गेल्या. जाताना हे चित्र मला देऊन गेल्या: बर्फाने झाकलेला नदीकाठ, एक होडी. लाकडी ठशांनी छापलेलं, त्यांच्या वडिलांच्या हातचं. परवा फोनवर म्हणाल्या, "येताना चित्र आण. एकदा हात लावायचाय."

आणि मी? मी ते लॅमिनेट करून ठेवलं होतं! दहावीच्या मार्कशीटपासूनची सवय. महत्त्वाचा कागद दिसला की घाल प्लास्टिकमध्ये.

"अगं, पण ओरिजिनल होतं ना ते?" ड्राइव्ह करता करता माझा नवरा निखिल म्हणाला.

"काय माहीत, यार! चित्र काढलं एकाने, लाकूड कोरलं दुसऱ्याने, छापलं तिसऱ्याने. शिवाय कितीतरी प्रती. ओरिजिनल म्हणायचं कशाला?"

रूट १५ ने चारेक तास धरा. हॅरिसबर्गनंतर डोंगर लागतात, रस्ता झकास. तिकडे इंडियन दुकानं फारशी नाहीत म्हणून डबा नेला होता, पण मी तो उघडलाच नाही.

आजींना आता नीट दिसत नाही, हे तिथे पोचल्यावर कळलं. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं, बोट फिरवलं आणि थांबल्या.

"बर्फ कुठे गेला?"

"हा काय आजी, पांढरा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. बर्फाला शाई नव्हतीच. वडिलांनी ओलसर कागद शाई न लावलेल्या कोरीव ठशावर दाबून दाबून तो उठवला होता. कोपऱ्यात सही चित्रकाराची. छापणाऱ्याचं, म्हणजे वडिलांचं, नाव कुठेच नाही. त्यांचा म्हणून तेवढा तो उठलेला बर्फ, आणि मशीनने तो सपाट केला.

"चुकलं हो माझं," म्हणताना मला रडूच फुटलं. आजींनी माझा हात थोपटला, चहा दिला, निखिलला ट्रॅफिकचं विचारलं. निघताना चित्र परत माझ्याच हातात ठेवलं. "तुझंच आहे. घेऊन जा."

घरी येऊन आठवडा झाला. चित्र टेबलावर तसंच पडलंय, भिंतीवर लावायचा धीर होत नाही.

"माफ केलं गं त्यांनी, सोड ना आता," निखिल म्हणतो.

केलंही असेल. पण त्यात आता त्यांचे वडील उरले नाहीत, म्हणून तर परत दिलं नसेल?