वाचन थांबले तिथूनच पुढे

संगणकाचे वाचन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले. तात्यांनी कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बघितलंत म्याडम? परत समदी बातमी पयल्यापासनं."

बारामतीतील आमची लहानशी कंपनी ब्राउझर तयार करते. ज्या प्रोग्रॅममधून आपण संगणकावर वेबसाइट पाहतो, तो ब्राउझर. आमचा हलका आहे. जुन्या संगणकावरही चालतो. नव्या आवृत्तीत आम्ही एक्स्टेन्शनची सोय केली होती. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला एखादे नवे काम शिकवणारा छोटा जोड-प्रोग्रॅम. दुसऱ्या ब्राउझरसाठी लिहिलेले एक्स्टेन्शन आमच्याकडे बदल न करता चालावे, ही अपेक्षा.

तात्या वडगाव निंबाळकरचे ऊस बागायतदार. रोज संध्याकाळी ते आपल्या पत्नीला, काकूंना, वर्तमानपत्र वाचून दाखवीत. काकू शाळेत गेलेल्या नाहीत. पुढे तात्यांची दृष्टी मंदावली आणि वाचन थांबले. तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, सुनीताने, बातम्या मोठ्याने वाचणारे एक एक्स्टेन्शन लिहिले. घरच्या जुन्या संगणकावर मोठा ब्राउझर अडकत असे, म्हणून तिने आमचा बसवला. मोबाईलवर तात्यांना बटण सापडत नाही; कीबोर्डवरची लांब पट्टी मात्र हाताला बरोबर लागते. ती दाबली की आवाज थांबतो, पुन्हा दाबली की सुरू होतो.

"ह्ये असंच चालनार असंल तर ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "हिला एकच बातमी तीनतीनदा ऐकायचा कटाळा येतो."

"मला न्हाय, तुमाला येतो," चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या.

ऑफिसात हा दोष एकदाही दिसला नव्हता. म्हणून मी तात्यांना नेहमीप्रमाणे वाचन लावायला सांगितले आणि बाजूला बसले. बातमी कालव्याच्या आवर्तनाची होती.

"थांबवा जरा," काकू म्हणाल्या. "म्हंजी आपल्याकडं पानी कदी यायचं?"

तात्यांनी पट्टी दाबून उत्तर दिले. त्यावरून काकूंना बावडा गावातल्या आपल्या भावाचा ऊस आठवला.

"तुजा भाऊ पानी आलं तरी झोपलेलाच असतोय," तात्या म्हणाले.

"आन तुमी लई जागं असता!"

दोघेही हसले. भाकरी तव्यावरून उतरली. मग तात्यांनी पट्टी दाबली, आणि आवाज पहिल्या ओळीवर गेला.

कारण माझ्या ध्यानात आले. मेमरी कमी लागावी म्हणून आमचा ब्राउझर रिकामे बसलेले एक्स्टेन्शन झोपवतो, म्हणजे तात्पुरते बंद करतो; जागे झाले की ते पहिल्यापासून सुरू होते. ऑफिसात आम्ही बातमी सलग शेवटपर्यंत लावत असू. या घरात बातमीपेक्षा तिच्यावरचे बोलणे लांब होते.

"एक्स्टेन्शनला झोपवूच नये का?" ऑफिसात परतल्यावर मी आमच्या प्रमुखांना, देशमुख सरांना विचारले.

"मग आपला ब्राउझर हलका कसला? मोठ्या ब्राउझरमध्येही एक्स्टेन्शन झोपतातच. तिथे हे कसे चालते?"

मी सुनीताला फोन केला.

"मॅडम, झोपवण्याआधी ब्राउझर इशारा देतो ना, तेव्हा मी वाचनाची जागा जपून ठेवते."

आमचा ब्राउझर इशारा देतच नव्हता. ते काम आम्ही दुय्यम समजून मागे ठेवले होते.

सर चष्मा पुसत म्हणाले, "माणसे बोलत बसलेली असताना न सांगता दिवा मालवण्यासारखे झाले हे. आधी ते करा."

इशाऱ्याची सोय करून मी पुन्हा वडगावला गेले. त्या दिवशी बातमी दुधाची होती. ती अर्ध्यावर असताना गोठ्यात म्हैस ओरडली आणि काकू उठल्या. तात्यांनी आवाज थांबवला. काकू वैरण टाकून, हात धुऊन, आम्हा सगळ्यांना चहा देऊन सावकाश तात्यांशेजारी टेकल्या.

"हं, लावा आता."

तात्यांचे बोट क्षणभर पट्टीवर थबकले. मग आवाज पुढच्या वाक्यापासून सुरू झाला.

"व्हय," काकू म्हणाल्या, "हितंच हुतो आपन."

तात्यांनी आवाज थोडा वाढवला.

त्यानंतर आमच्या तपासणीत एक पायरी वाढली: वाचन मध्येच थांबवावे, उठून चहा घ्यावा, शेजाऱ्याशी बोलावे आणि मग पुढे सुरू करावे. ऑफिसात ही एकच तपासणी सगळे जण न सांगता करतात.