राखून न ठेवलेली दोन मिनिटं

नोरीन प्रुइट ओहायोतल्या आमच्या लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. बाप घरांची छपरं दुरुस्त करायचा; ही शनिवार-रविवार खाणावळीत पॅनकेक वाढायची, आणि अ‍ॅप्रनच्या खिशात लेरॉय हॅस्केटच्या खटल्याची पानं. कॉलेजच्या अपील कक्षात विद्यार्थीच सरांच्या देखरेखीखाली कैद्यांची खरी अपिलं लढवतात; तिथं कारकुनी करताना बावीस वर्षं मी असली पोरं पाहिली. इतकी तयारी कुणाचीच नव्हती.

हॅस्केट दरोड्याच्या आरोपात शिक्षा होऊन एकोणीस वर्षं आत होता. नवी साक्षीदार सापडलीय, खटला पुन्हा चालवा, एवढंच आमचं अपिलात मागणं.

कोर्टात बोलायला मिळणाऱ्या पंधरा मिनिटांतली दोन, सरकारी वकिलानंतरच्या शेवटच्या उत्तरासाठी हवी असतील, तर उभं राहताक्षणी तसं कोर्टाला सांगावं लागतं. कॉलेजात अकरा वेळा सराव झाला. दर वेळी ती सुरुवात करताच कक्षाचे प्रमुख लुट्झ सर म्हणायचे, "ते नमस्कार-चमत्कार राहू दे, मुद्द्यावर ये." कोर्टातही ती थेट मुद्द्यावर आली.

बोलली झकास. मग सरकारी वकील उठला आणि म्हणाला, "ही बाई पहिल्या खटल्याच्या वेळीच बचाव पक्षाला माहीत होती." धादांत खोटं. नोरीनचं बोट नेमक्या पानावर होतं. ती अर्धवट उठली.

"तुम्ही वेळ राखून ठेवलेला नाही," न्यायाधीश म्हणाले.

मला तिचा राग आला, मग सरांचा, मग कशाचंच काही वाटेना. सरांनी दुसऱ्या दिवशी ते पान जोडून कोर्टाला पत्र धाडलं. वरातीमागून घोडं.

मे महिन्यात निकाल आला: साक्षीदार आधीच माहीत होती, अपील फेटाळलं. दोन दिवसांनी तुरुंगातून फोन आला. नोरीननं तो स्पीकरवर घेतला.

"वाचलं मी, पोरी. तो खोटं बोलला तेव्हा तू काय म्हणालीस?"

"काही नाही, मिस्टर हॅस्केट. उत्तराची वेळ मागायची होती. विसरले."

सरांनी डोक्याला हात लावला. असं अशिलाला कुणी सांगतं का!

"हं," हॅस्केट म्हणाला. "पदवी कधी मिळतेय?"

"शुक्रवारी."

"मग पुढं माझं कोण बघणार?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "सप्टेंबरात नवी पोरं येतील," मी पुटपुटले. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं.

"ही पाचवी तुकडी," तो म्हणाला. "बरं, तू रडू नकोस."

"मी रडत नाहीये."

खरंच रडत नव्हती. फोन ठेवून तिनं फाईल माझ्या टेबलावर आणून दिली आणि सप्टेंबरच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं. इतक्या शांतपणे, की मला तिची भीती वाटली.