तरोट्यातलं वासरू

आमच्या गायरानात गवत कमी आणि तरोटाच जास्त झाला, तेव्हा गावाने मला बोलावलं. तरोटा कोवळा असताना त्याची भाजी आम्ही चवीने खातो, पण ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. पोळ्यापर्यंत तो कमरेएवढा होतो आणि खालचं गवत मारून टाकतो. मी बचत गटातून ड्रोन चालवायला शिकले होते. आष्टीकडच्या चार गावांत फवारणी करून माझं बऱ्यापैकी नाव झालं होतं, आणि ते नाव सगळ्यांत जास्त मिरवायच्या माझ्या सासूबाई. बाजारात वांगी तोलता तोलता समोरच्या बाईला सांगायच्या, "आमची सून विमान उडवते, विमान!"

फवारणीच्या आदल्या दिवशी गावात दवंडी दिली. पंधरा दिवस गायरानात ढोरं सोडायची नाहीत. संध्याकाळी मी स्वतः आखरावर गेले. सकाळी गावातली ढोरं जमतात ती जागा म्हणजे आखर. तिथे बायाबापड्या उभ्या होत्या. मी मोठ्यांदा विचारलं, "सारे ढोरं घरी आले का? एखादं बाहेर असंन तर आत्ताच सांगा."

एकही बाई पुढे आली नाही. बायांमध्येच उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आमचे तर गोठ्यात बांधले हाय." मी निर्धास्त झाले. आपल्या घरच्या गोठ्यात डोकावून बघावं, असं माझ्या मनातही आलं नाही. बॅटऱ्या चार्ज करायच्या होत्या.

सकाळी आठला सुरू करायचं ठरलं होतं. पण नऊच्या पुढे वारा उठेल असं वाटलं, म्हणून मी साडेसहालाच टाकीत तणनाशक भरलं. उडवण्याआधी शेत पायी फिरून बघायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. मी कडेकडेने फिरले. मधे गेले नाही. तरोटा दाट होता, त्यात सापाची भीती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता.

गायरानातल्या बाभळीच्या बाजूने दोन पट्टे मारून झाले. तिसऱ्यासाठी ड्रोन वळला, तेवढ्यात गावाची ढोरं राखणारा म्हातारा गायकी धुऱ्याच्या बांधावरून दुपट्टा हलवत पळत येताना दिसला.

"उतरव, सूनबाई! उतरव ते!"

मी ड्रोन खाली घेतला. पंखे थांबले तसं मागे लक्ष गेलं. आमची पांढरी गाय गायरानाच्या काठाला शांतपणे चरत होती. पोट खपाटीला, कास तट्ट फुगलेली. तिच्या मागे दावं हातात घेऊन सासूबाई.

"तुमची गाय व्याली न," गायकी धापा टाकत म्हणाला. "परवा ढोराइच्या गोहनातून मागं राह्यली होती. काल एकटीच घरी आली. वासरू आतच दडवलं हाय तिनं."

दोन दिवसांचं वासरू दोन पट्ट्यांत असेल, तर त्याच्या अंगावर औषध पडलेलं असणार. गाय आली की पहिलं त्याला चाटणार. मी आत धावणार, तोच गायकीने दंडाला धरलं.

"तू पाय त्याच्याजवळ ठेवला तरी ते हलणार नाई. अन माणूस दिसलं तर गाय तिकडं फिरकणार नाई. बस खाली. कास ठणकली का गाय जाईन आपोआप."

आम्ही तिघं धुऱ्याआड बसलो. गाय मान वर करून बघायची, परत चरायची. मुद्दाम उलट्या दिशेला चालायची. ऊन वर चढत होतं. मला त्या गायीचा राग आला, गायकीचा आला, आणि सगळ्यांत जास्त सासूबाईंचा.

"आई, काल आखरावर मी सगळ्यांसमोर विचारलं. तुम्ही काऊन नाई सांगतलं?"

त्या दाव्याला पीळ देत राहिल्या. "मले वाटलं, तू आठले सुरू करशीन. त्याच्या आधी मी गाय सोडतो, वासरू घेऊन येतो."

"पण मले सांगाले काय झालं होतं?"

"तुलेच नव्हतं सांगाचं," त्या खाली बघत म्हणाल्या. "ओल्या, दोन दिसाच्या वासरावर नजर नाई पडली पाह्यजे, बाई. दहा दिवस तरी."

गायकीने तोंड फिरवलं. मला कळायला थोडा वेळ लागला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. गावात कुणाचं बारसं असलं की सासूबाई नेमकं मला घरी काहीतरी काम काढून द्यायच्या. मला वाटायचं, लोकांच्या बोलण्यापासून मला वाचवतात. तेव्हा मला त्यांची माया यायची. त्या धुऱ्यावर बसून मला एक एक बारसं आठवलं, आणि मी रडले. राग होता म्हणून रडले, दुसरं काही समजू नका.

तेवढ्यात गाय हळूच हंबरली आणि सरळ बाभळीकडे निघाली, फवारलेल्या पट्ट्याकडे.

"धरा तिले!" मी ओरडले. गायकीने धावत जाऊन शिंगं धरली, सासूबाईंनी दावं टाकलं. बाभळीच्या बुडाशी तरोटा हलला आणि वासरू उठून उभं राहिलं. पाठ ओली होती. औषध कालवायला आणलेल्या स्वच्छ पाण्याचे दोन कॅन माझ्याजवळ होते. मी वासराला उचलून काठावर आणलं आणि दोन्ही कॅन संपेपर्यंत धूत राहिले. पाठ, कान, खुरं, परत पाठ. ते माझ्या मांड्यांमध्ये थरथरत होतं. सासूबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. हात लावू नको, असं त्या म्हणाल्या नाहीत.

तीन दिवस मी गोठ्यातच बसून होते. त्याला जुलाब नाही, लाळ नाही, दूध नीट पीत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने शेपटी वर करून गोठ्यात उडी मारली, तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

राहिलेलं गायरान फवारायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी परत आखरावर गेले. या वेळी सासूबाई न सांगता बरोबर आल्या.

"कोणाची गाय व्याली असंन तर सांगा," मी बायांना म्हटलं. "मी पाहाले येत नाई. हे पाहा, पाठ करून उभी राहतो." आणि खरंच पाठ केली. मला तसं करायची लाज वाटली नाही. वासरू मरण्यापेक्षा ते बरं होतं.

मागे कुजबुज झाली. मग माझ्या खांद्यावर एक हात पडला आणि त्याने मला जोर लावून परत फिरवलं. सासूबाई होत्या.

"तिच्या तोंडाकडं पाहून सांगा," त्या बायांना म्हणाल्या. "आमचं वासरू तिच्याच हातानं जगलं."

शेवटच्या टोकाला उभी असलेली एक बाई पुढे आली. "आमची दावं तोडून गायरानात गेली अन काल व्याली," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "ओढ्याच्या अंगाले हाय वासरू. चाल, दाखवतो तुले."