माझा गुडघा आणि माझे विद्यार्थी

त्या वर्षांत गोंदियाच्या आमच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर घडवण्याचं काम माझ्याकडे होतं. शिकायला येणारे दोन घरचे असत. काही लष्करातले डॉक्टर, काही आपल्याकडचेच. लष्करवाल्यांच्या दवाखान्यात सगळे तरणेताठे जवान; त्यांना आमच्याकडे अंगणात पडलेली म्हातारी, बैलानं उडवलेला शेतकरी, हायवेवर ट्रकखाली सापडलेला क्लीनर, असं सगळं बघायला मिळे. आमची मुलं काही महिने त्यांच्याकडे जाऊन येत आणि परत येताना वेळेवर हजर राहायची सवय घेऊन येत. ती इथं फार दिवस टिकत नसे.

त्या तुकडीत दोघं होते. एक हरियाणाकडचा, हुद्द्यानं कॅप्टन. वॉर्डातल्या आयाबायांपासून सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. हात सोन्यासारखा, पण तोंडात दोनच शब्द: "जी सर." एकदा मी मुद्दाम त्याच्यापुढे एक एक्स-रे धरला. हाड उघडउघड सरकलेलं होतं. "छान बसलंय, नाही?" मी विचारलं. "जी सर." मी एक्स-रे टेबलावर आपटला. "अरे, डोळे कोणाचे आहेत, तुझे की माझे?" त्यावरही "जी सर." असा राग यायचा की सांगता सोय नाही. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात हा पुतळा.

दुसरी सडक अर्जुनीकडच्या खेड्यातली मुलगी. घरची शेती, शिकणारी घरात पहिलीच. तिचं नेमकं उलटं, प्रत्येक गोष्टीचं कारण हवं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी आधी "काऊन, सर?" विचारणार. पण पेशंटला तिचं बोलणं कळायचं, आणि पेशंटचं तिला. दोघांचं आपसात फारसं पटत नव्हतं.

धानकापणीच्या दिवसांत मी मोटरसायकलवरून गावाकडून परत येत होतो. रस्त्यावर कोणीतरी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं होतं. त्यावरून गाडी घसरली आणि मी उजव्या गुडघ्यावर आदळलो. उठायला गेलो तेव्हाच कळलं. गुडघ्याखालचं हाड सांध्यातच खचलं होतं. ते उचलून, खाली हाडाची भर घालून, धातूची पट्टी आणि स्क्रू लावायचे, हे काम मी शेकडो लोकांचं केलं असेल. आता माझं कोण करणार, हा प्रश्न होता. दवाखान्यात हे ऑपरेशन येणारी माणसं तीनच, मी आणि हे दोघं. त्यातला मी खाटेवर पडलेलो.

बायकोनं गाडी सांगून ठेवली. "मुकाट्यानं नागपूरला चला. शिकणाऱ्या पोरांच्या हातात पाय द्यायचा असतो का?" मीही मनातून तयारच होतो. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय? सूज उतरेपर्यंत मात्र आमच्याच वॉर्डात पाय उंच टांगून पडून राहणं भाग होतं. शेजारच्या खाटेवर मांडी मोडलेले एक आजोबा होते. त्यांचं ऑपरेशन कॅप्टन करणार होता. त्यांनी आमचं नागपूरचं बोलणं ऐकलं आणि विचारलं,

"साहेब, तुमी नागपूरले जाऊन राहिले का?"

"हो, विचार आहे."

आजोबा म्हणाले, "मंग मी बी पोरायले सांगतो, गाडी करा म्हणून. तुमाले भरवसा नाही, त मी कायले इथं पडून राहू?"

पडायच्या आधी रोज राउंडला मीच त्यांना सांगत होतो, बाबा, काळजी करू नका, आमची पोरं तयार आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बायकोला म्हटलं, गाडी परत पाठव. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑपरेशनला कॅप्टन आणि मुलगी, दोघं उभे राहिले. कंबरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला, त्यामुळे मी जागाच. मधे हिरवा पडदा होता, पण बाजूचा एक्स-रेचा पडदा मला दिसत होता. मी सुरुवातीपासून सूचना द्यायला लागलो. इथून काप, तिथं जप. शेवटी मुलगी म्हणाली, "सर, तुमी बोलून राहिले, त आमी काम कसं करू?" मी गप्प झालो. हाड उचलल्याचं, ठोकल्याचं जाणवत होतं. दुखत नव्हतं, पण भीती वाटत होती. इतकी भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

बराच वेळ गेला. स्क्रू बसले. पडद्यावर चित्र आलं आणि मला दिसलं की सांध्याच्या कडेला बारीकशी पायरी राहिली आहे, हाडाचे तुकडे एका पातळीत आलेले नाहीत. अशी पायरी विद्यार्थ्यानं ठेवली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मला थंडी वाजत होती, सगळं एकदाचं संपायला हवं होतं. मी म्हणालो, "राहू द्या. चालेल एवढं. टाके घाला."

मुलगी काहीतरी बोलेल असं वाटलं. ती बोलली नाही. पाय तिच्या सरांचा होता. तिनं "हो सर" म्हणून दोरा मागितला.

"नहीं सर," कॅप्टन म्हणाला.

मी जरा आवाज चढवून म्हटलं, "मी सांगतोय, बंद करा."

"नहीं सर. दोबारा करना पड़ेगा." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. भूल देणाऱ्या बाईंना म्हणाला, "मॅडम, सर को सुला दीजिए." आणि मुलीला, "स्क्रू निकालते हैं." तिनं दोरा बाजूला ठेवला आणि ती त्याच्या मदतीला लागली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते पुसलं आणि वाकून विचारलं, "दुखतंय का, सर?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्या खोलीत आता कोणालाच माझी गरज नव्हती, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.